सातांतलं पहिलं

जुगार, मांस, दारू, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्रीगमन. जैन घरात वाढलेल्या मुलीला ही सात व्यसनं अर्थ कळायच्या आधी पाठ होतात. प्रत्येकाला शास्त्रात एकेक गोष्ट जोडलेली आहे. मांसाला बक राजाची, दारूला यादवांची, वेश्येला चारुदत्ताची, शिकारीला ब्रह्मदत्त राजाची, चोरीला शिवभूतीची, परस्त्रीला रावणाची. आणि जुगाराला युधिष्ठिराची.

या यादीतल्या दोन गोष्टींचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. पहिली म्हणजे, जुगाराचा नंबर सगळ्यात वर कसा? मांस शिजतं त्या हॉटेलात आपण चहासुद्धा पीत नाही. पत्त्यांचं तसं नाही. दिवाळीच्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढतो, आणि त्याच दिवशी रात्री लक्ष्मीपूजन झालं की घरातले पुरुष दुकानात सतरंजी टाकून तीन पत्तीला बसतात. वर्षातनं एकदा, शकुनाचं म्हणून. शकुनाचं म्हणून वर्षातून एकदा मांस खाल्लं, असं कुणी म्हणेल का? आणि दुसरी गोष्ट, उदाहरणासाठी निवडलेला माणूस. रावण समजू शकते मी. पण ज्याला सगळं जग धर्मराज म्हणतं त्याला आचार्यांनी जुगाऱ्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं. का?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एका अमेरिकन जुगाऱ्याच्या आयुष्यात सापडलं. त्याचं नाव स्टू अंगर. मुडबीत बसलेली मी त्याच्यापर्यंत पोचले ती आमच्या घरातल्या एका मुलामुळे, म्हणून आधी त्याचं सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आहे. गुणी पोरगा. पर्युषणात दहाही दिवस एकासन करतो. तो तीन वर्षं फोनवर पैसे लावून पोकर खेळतोय, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा ते बाहेर आलं. बहिणीला वाटलं, चला, सुटलो. तर हा म्हणतो, आता नोकरी सोडतो आणि गोव्याला जाऊन टूर्नामेंट खेळतो, तोच माझा व्यवसाय. बहिणीचा रडत फोन आला, "अक्का, तू बोल त्याच्याशी. माझं काही ऐकंना तो."

दिवाळीला तो गावी आला तेव्हा मी विषय काढला. तो तयारीतच होता.

"मावशी, हा जुगार नाही. कौशल्याचा खेळ आहे. कोर्टानं सांगितलंय."

तो अगदीच खोटं बोलत नव्हता. १९६८ साली सुप्रीम कोर्टाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला होता. कुठला पत्ता ठेवायचा, कुठला टाकायचा याला डोकं लागतं म्हणून. तीन पत्तीला मात्र ती सवलत मिळाली नाही. आपल्या कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती हायकोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. पोकरबद्दल कोर्टांचं एकमत नाही. गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये पोकर हा जुगारच, असं म्हटलं. गोव्यात १९७६ चा कायदा पुढे दुरुस्त होत गेला आणि मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. तिथे जाऊन खेळायला या मुलाला कुणी अडवणार नव्हतं.

कायद्याच्या बाजूने त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "मग मला शिकव तुझा खेळ. बघू तरी काय आहे."

तो खूश झाला. कपाटातला जुना कॅट काढला. मला बदाम सात येतो, झब्बू येतो, चॅलेंज येतो, त्यामुळे फार जड गेलं नाही. पोकरचा आज सगळ्यात चालणारा प्रकार असा: प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात. ते ज्याचे त्याने बघायचे. मग मधे पाच पत्ते उघडे मांडतात, आधी तीन, मग एक, मग एक. ते सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा डाव सगळ्यात भारी, तो जिंकतो. दर टप्प्यावर बोली लावायची. बोली परवडत नसेल तर पत्ते टाकून द्यायचे, तीन पत्तीत पॅक करतात तसे. आणि हातात काहीच नसताना मोठी बोली लावून समोरच्याला घाबरवून उठवायचं, हे चॅलेंजसारखं. त्याला ब्लफ म्हणतात. पुरुषार्थसिद्ध्युपायात अमृतचंद्राचार्यांनी द्यूताला कपटाचं घर म्हटलं आहे, त्याची मला तिथे आठवण झाली. पण मी बोलले नाही. शिकायला बसलं की शिकावं.

"दोन पत्ते किती प्रकारे येऊ शकतात, सांग," त्याने मला विचारलं. त्याला वाटलं, मावशी बी.ए. झालेली, हिला काय जमणार. मी कागद घेतला. वर लिहिलं ५२ आणि ५१, खाली १ आणि २. वरच्यांचा गुणाकार भागिले खालच्यांचा गुणाकार. १,३२६. पाच पत्त्यांसाठी हेच पुढे न्यायचं, वर ५२ पासून उतरत ४८ पर्यंत, खाली १ पासून चढत ५ पर्यंत. उत्तर येतं २५,९८,९६०. तो बघतच राहिला.

ही रीत आपल्याच मुलखातली आहे. कलबुर्गी ओलांडून सेडमच्या वाटेला लागलं की मळखेड येतं, म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष नृपतुंग राजाच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमाराला, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. अमुक वस्तूंतून तमुक वस्तू किती प्रकारे निवडता येतील याचा नियम त्यात दिलेला आहे. आचार्यांचं उदाहरण स्वयंपाकघरातलं आहे. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड या सहा रसांची किती मिश्रणं होतील? उत्तर ६३. पाठशाळेत एका पंडितजींनी शिकवलेलं मला आजही येतं, कारण आमटी करताना मी ते कितीदा आठवलं आहे.

तेव्हा मी बहिणीच्या मुलाला हे कबूल केलं की पोकरला डोकं लागतं. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ वेळांत एकदाच हाती येणार, हे ज्याला ठाऊक आहे आणि समोरच्याचा चेहरा ज्याला वाचता येतो, तो नुसत्या नशिबावर खेळणाऱ्याला शेवटी हरवणारच. टूर्नामेंटची रीतही त्याने सांगितली. सुरुवातीला ठरलेली फी भरायची, सगळ्यांना सारख्या रंगीत चकत्या मिळतात, त्या संपल्या की उठायचं. शेवटी सगळ्या चकत्या एकाच्या पुढ्यात येतात, तो विजेता. बक्षीस वरच्या काही जणांत वाटलं जातं.

त्याने माझ्यापुढे नावं ठेवली. निकिता लूथर, २०१८ मध्ये लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये जोडीने खेळून सोन्याचं ब्रेसलेट मिळवणारी पहिली भारतीय बाई. मुस्कान सेठी, जिचा त्याच वर्षी राष्ट्रपती भवनात 'फर्स्ट लेडीज'मध्ये सत्कार झाला. आपल्या कर्नाटकातले संतोष सुवर्णा, ज्यांनी २०२४ मध्ये तिथेच एका टूर्नामेंटमध्ये ५४ लाख डॉलरहून जास्त बक्षीस जिंकलं. त्या टूर्नामेंटची नुसती फी अडीच लाख डॉलर होती, म्हणजे आपले दोन कोटी रुपये. हे ऐकून बहिणीने कपाळाला हात लावला.

"आणि हा बघ, सगळ्यांचा बाप," असं म्हणून त्याने फोनवर एक जुनी फिल्म लावली. १९९७ चा अंतिम सामना. भर उन्हात रस्त्यावर मांडलेलं टेबल, भोवती गर्दी, आणि एक काटकुळा माणूस डोळ्यांवर निळसर काचांचा गोल चष्मा लावून बसलेला. लहान पोरासारखी अंगलट, हात मात्र विजेसारखे. त्याने शेवटचा डाव जिंकला आणि एका मुलीचा फोटो हातात धरून दाखवला. तो स्टू अंगर. भाचा म्हणाला, "याच्याइतकं डोकं पत्त्यांत कुणाचंच नव्हतं, मावशी."

त्याने मला जिंकलेला दिवस दाखवला. बाकीचे दिवस मी नंतर स्वतः शोधून वाचले.

अंगरचा जन्म १९५३ चा, न्यूयॉर्कमधल्या एका ज्यू घरातला. बाप पैजा घेण्याच्या धंद्यात, त्याच्या बारमध्ये जुगार चाले. पोरगं पत्ते बघतच वाढलं. दहा वर्षांचा असताना सुट्टीत आईबापांबरोबर गेला आणि तिथल्या जिन रमीच्या स्पर्धेत मोठ्यांना हरवून आला. जिन रमी म्हणजे आपल्या रमीची बहीण. पुढे बाप गेला, आई आजारी पडली, शाळा सुटली. न्यूयॉर्कच्या गुन्हेगारी जगातल्या एका माणसाने त्याला पंखाखाली घेतलं. जिन रमीतला त्या वेळचा एक नावाजलेला खेळाडू त्याच्याशी खेळायला बसला आणि लागोपाठ ८६ डाव हरला. मग कुणी त्याच्याशी खेळेना. त्याने मागाहून पत्ते उचलीन, अमुक सूट देईन अशा सवलती दिल्या, तरी लोक हरायचे. खेळायला माणूस उरला नाही म्हणून तो पोकरकडे वळला. हे वाचताना मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. इतकी विद्या, आणि ती दाखवायला समोर कुणी बसायला तयार नाही.

त्याच्या स्मरणशक्तीची एक गोष्ट पोकरच्या जगात सगळे सांगतात. एका कॅसिनोमालकाने त्याच्याशी एक लाख डॉलरची पैज लावली. सहा कॅट एकत्र पिसून एकेक पत्ता काढत जायचं, म्हणजे ३१२ पत्ते, आणि शेवटी कुठला पत्ता उरला ते याने न बघता सांगायचं. त्याने सांगितलं.

१९८० मध्ये तो वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत उतरला. होल्डेम हा पोकरचा प्रकार त्याला नवा होता. शेवटी समोर होता डॉयल ब्रन्सन, आधी दोनदा जगज्जेता झालेला. ब्रन्सन पुढे म्हणत असे की खेळता खेळता सुधारत जाणारा खेळाडू मी पहिल्यांदाच पाहिला. अंगर जिंकला. तोवरचा सगळ्यात लहान विजेता, म्हणून त्याला 'द किड' म्हणू लागले. पुढच्या वर्षी, १९८१ ला, त्याने पत्ते वाटणाऱ्यावर थुंकल्यामुळे कॅसिनोचा मालक त्याला आत घ्यायला तयार नव्हता. मालकाच्या मुलाने रदबदली केली, आणि हा पुन्हा जिंकला.

आता दुसरी बाजू. पत्त्यांवर जिंकलेलं सगळं तो घोड्यांवर, फुटबॉल-बास्केटबॉलच्या पैजांवर, फाशांवर घालवायचा. पहिल्यांदा गोल्फच्या मैदानावर गेला तेव्हा खेळ सुरू व्हायच्या आधी, सरावाच्या हिरवळीवरच पैजा लावून हजारो डॉलर हरला. कुठेही टिप देताना हात सढळ. जेवण म्हणजे त्याला खेळातला अडथळा वाटे, असं सांगतात. हॉटेलात पोचायच्या आधी फोनवर ऑर्डर द्यायची, चार घास कोंबायचे, पैसे टाकायचे आणि निघायचं. लग्न झालं, मुलगी झाली, बायकोच्या आधीच्या मुलालाही त्याने आपलं नाव दिलं. १९८६ ला घटस्फोट झाला. १९८९ मध्ये त्या मुलाने आत्महत्या केली. कोकेन आधीपासून होतंच, ते वाढलं.

१९९० ची गोष्ट मी दोनदा वाचली. तो मुख्य स्पर्धेत खेळत होता आणि पुढ्यात चकत्यांचा मोठा ढीग होता. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. हॉटेलच्या खोलीत नशेने बेशुद्ध पडलेला सापडला. नियमाप्रमाणे त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे पत्ते वाटले जात राहिले आणि दर फेरीला ठरलेल्या चकत्या कापल्या जात राहिल्या. ढीग इतका मोठा होता की ती रिकामी खुर्ची नववी आली आणि तिला वीस हजार डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं.

मग १९९७. तोवर लोकांनी त्याचं नाव टाकलेलं होतं. दहा हजार डॉलरची फी भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते. एका मित्राने अगदी शेवटच्या घटकेला ती भरली. खेळाडू होते ३१२, म्हणजे त्या सहा कॅटमधल्या पत्त्यांइतकेच. चार दिवस खेळून अंगर जिंकला. बक्षीस दहा लाख डॉलर. तो निळा चष्मा शोभेसाठी नव्हता. कोकेनने त्याचं नाक आतून खचलं होतं, ते दिसू नये म्हणून होता. फोटोतली मुलगी त्याची स्वतःची. बक्षिसातले निम्मे पैसे मित्राचे, निम्मे याचे. आपला वाटा त्याने काही महिन्यांत नशेत आणि पैजांत संपवला. १९९८ ला त्याच मित्राने पुन्हा फी भरली. स्पर्धा सुरू व्हायला थोडा वेळ उरला असताना अंगरने निरोप दिला, मला जमणार नाही. २२ नोव्हेंबर १९९८ ला लास व्हेगासमधल्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय ४५. जवळ ८०० डॉलर. आयुष्यभरात तीन कोटी डॉलर जिंकला असावा असा अंदाज सांगतात. अंत्यविधीला वर्गणी काढावी लागली. २००१ मध्ये त्याचं नाव पोकरच्या मानकऱ्यांत घेतलं गेलं.

हे सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती मी भाच्याला फोन करून सांगितली. हा माणूस जिथे जिंकला ती ठिकाणं बघ आणि जिथे हरला ती बघ. टूर्नामेंटला कुंपण असतं. फी दहा हजार, त्याच्यावर एक पैसा जास्त हरता येत नाही. चकत्या संपल्या की उठायचं. रात्री ठरलेल्या वेळी खेळ थांबतो. चौथ्या-पाचव्या दिवशी स्पर्धाच संपते. त्या कुंपणाच्या आत अंगर जगातला सगळ्यात शहाणा माणूस होता. घोडे, पैजा, फासे, कोकेन यांना कुंपण नाही. एक शर्यत संपली की दुसरी, आज हरला तर उद्या. तिथे त्याची ती बुद्धी काहीच कामाला आली नाही. कारण "आता उठ" हे तिथे दुसरं कुणी सांगणार नव्हतं, आणि स्वतःला सांगायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, आता बऱ्याच टूर्नामेंटमध्ये हरलं तरी परत फी भरून आत जाता येतं."

"म्हणजे कुंपणही काढलं की रे!" मी म्हटलं.

आम्हा बायकांना कुंपणाची सवय वेगळी शिकवावी लागत नाही. रात्रीभोजनाचा त्याग घरात असला की दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपायचीच. पाहुणे असोत, पंगत अर्धी असो, भाकरी टम्म फुगलेली असो. दिवस मावळला की ताट उचललं. पोट भरलं की नाही हा प्रश्न नसतो, सूर्य ठरवतो. चातुर्मासात आपण आणखी पुढे जातो. आज पाचच जिनसा खाईन, आज मीठ नाही, आज तूप नाही. हा नियम भूक लागायच्या आधी घ्यायचा असतो. ताट पुढे आल्यावर घेतला तर तो नियम कसला? परिग्रह-परिमाण व्रताचंही तेच. किती शेत, किती सोनं, किती धन, हे हाव सुटायच्या आधी बांधून घ्यायचं.

गंमत म्हणजे टिकून राहिलेले पोकरवालेही हेच करतात. भाच्यानेच सांगितलं की एका टूर्नामेंटला आपल्या गाठीच्या एवढ्या हिश्श्यापेक्षा जास्त लावायचं नाही, असा त्यांचा दंडक असतो. मी म्हटलं, अरे, हे तर परिमाण झालं. फक्त ते लोक ते पुढच्या डावासाठी पाळतात आणि आपण डावातून सुटायला. हा फरक लहान नाही, आणि मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. माझ्या लेखी पोकर जुगारच आहे. एकाने जिंकलेला रुपया दुसऱ्याच्या घरातून आलेला असतो, आणि त्या घरातही कुणाची आई असते.

पण मला उलगडा झाला तो यादीचा. आचार्यांनी जुगार पहिला का ठेवला असेल? मांस खाणाऱ्याचंही पोट भरतं. दारू पिणारा शेवटी पडतो, देहच त्याला थांबवतो. चोराला पहाट थांबवते. जुगाराला ना पोट आहे, ना पहाट. कॅसिनोत खिडक्या आणि घड्याळं मुद्दाम ठेवत नाहीत म्हणतात. आतून थांबवणारं काहीच नसल्यामुळे तो बाकीच्या सहांना बरोबर घेऊन येतो. अंगरच्या बाबतीत पत्त्यांमागून कोकेन आलं. कोर्ट विचारतं, या खेळाला कौशल्य लागतं का? आचार्य विचारतात, तुला उठता येतं का? दोन्ही प्रश्न खरे आहेत. आई-मावशीने विचारायचा दुसरा.

युधिष्ठिराचंही तिथेच कळलं. धन गेलं, राज्य गेलं, भाऊ गेले, स्वतःला लावलं, द्रौपदीला लावलं. एकही ठिकाण असं नव्हतं की जिथे त्याने आधीच रेघ मारून ठेवली होती. सत्य बोलणारा, धर्म जाणणारा माणूस, पण रेघ नाही. म्हणूनच तो उदाहरणाला घेतला असणार. वाईट माणसाचं उदाहरण दिलं असतं तर आपण म्हटलं असतं, आमचा मुलगा तसा नाही.

उठण्याचा विषय निघाला की मला मळखेडचाच अमोघवर्ष आठवतो. साठ वर्षांहून जास्त राज्य केलेला राजा. 'प्रश्नोत्तररत्नमालिका' या छोट्या संस्कृत रचनेच्या शेवटी, विवेकाने राज्य सोडलेल्या अमोघवर्षाने ही रचली, असा उल्लेख येतो. पुढ्यात सगळ्या चकत्या असताना तो उठला. हरून सगळेच उठतात.

त्या फोननंतर मी भाच्याला तीन प्रश्न लिहून पाठवले. किती पैसे लावणार, त्यांत आईचा एक रुपयाही नको. ते कुणाच्या हातात ठेवणार, म्हणजे मागून आणखी काढता येणार नाहीत. आणि तिसरा, कुठल्या तारखेला उठणार, हरत असलास तरी आणि जिंकत असलास तरी. आठ दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या प्रश्नापुढे रक्कम होती, मोजून-मापून लिहिलेली. दुसऱ्यापुढे बहिणीचं नाव होतं. तिसऱ्यापुढची जागा त्याने रिकामी ठेवली होती.

मी त्याला कळवलं, घाई नाही, पण ती जागा भरल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. तो बरं म्हणाला. अजून तो पुण्यातच आहे, नोकरीवर जातो. बहीण रोज संध्याकाळी जेवण उरकून, दिवस मावळला की त्याला फोन करते. तारीख कधी विचारत नाही. जेवलास का, एवढंच विचारते.